सकाळी आठची ड्युटी रिकामी पडते: होम केअर ब्यूरोचा रोजचा खाडा कसा आवरायचा

पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही ब्यूरोत पावणेआठ ते सव्वाआठ या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त फोन वाजतात. पहिला, 'मॅडम, आज नाही जमणार, मुलाला ताप आहे.' दुसरा पेशंटच्या मुलीचा, 'मावशी अजून आल्या नाहीत, मला ऑफिसला निघायचंय.' तिसरा नाईटवाल्या बाईचा, 'मी अजून किती वेळ थांबू?' मग ऑफिसातली मुलगी यादी उघडून वरून खाली फोन लावत सुटते. साडेदहाला कोणीतरी पोहोचतं, आणि त्या बाईला आजोबांना मधुमेह आहे हेसुद्धा माहीत नसतं. महिन्यातून तिसऱ्यांदा असं झालं की घरचे ब्यूरो बदलतात.

बहुतेक ब्यूरो यावर दंड लावतात, डिपॉझिट अडकवतात, चार ओळींची कडक नोटीस ग्रुपवर टाकतात. त्याने खाडे कमी होत नाहीत, फक्त फोन बंद ठेवण्याचं प्रमाण वाढतं. आजारी मूल, गावचं मयत, बंद पडलेली लोकल हे होतच राहणार. तो खाडा त्या घराला कळण्याआधी भरून निघतो का, एवढंच पाहायचं. त्यासाठी आधी खाडा कुठून येतो ते शोधावं लागतं.

आधी वही, मग उपाय

खाड्याची वेगळी वही ठेवा. एक्सेल असेल तर उत्तम, नसेल तर दोनशे पानी रजिस्टर चालतं. एका खाड्याला एक ओळ: तारीख आणि वार, कोणाचा, कुठल्या घरचा, ती कुठून येते, कळवलं किती वाजता, सांगितलेलं कारण, बदली कोण गेली, ती किती वाजता पोहोचली. 'कळवलं किती वाजता' हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो आणि खरं तर तोच सगळ्यात उपयोगाचा. आदल्या रात्री नऊला कळलेला खाडा आणि सकाळी पावणेआठला कळलेला खाडा या दोन वेगळ्या समस्या आहेत.

सहा आठवड्यांनी तीच यादी चार प्रकारे लावून पाहा: घराप्रमाणे, बाईप्रमाणे, वाराप्रमाणे आणि राहत्या भागाप्रमाणे. खाडे एकाच घराभोवती जमले असतील तर दोष घराचा. एकाच बाईभोवती असतील तर अडचण तिची. ठरावीक वाराला किंवा तारखेला असतील तर तुमच्या पगाराच्या आणि सुट्टीच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय. आणि दिवा, मुंब्रा किंवा तुर्भे स्टोअर अशा एकाच भागातून येत असतील तर प्रवास. एकावरचा उपाय दुसऱ्यावर लावला की पैसे जातात आणि खाडा तिथेच राहतो.

तेच घर, वेगवेगळ्या बाया

तीन महिन्यांत एका घरी चौथी बाई 'पाठ दुखते' म्हणून बसली, तर बायांना दोष देण्याआधी पेशंटचं वजन विचारा. ७०-७५ किलोचा, कुशीवर स्वतःहून न वळणारा पेशंट एकट्या बाईने दर दोन तासांनी वळवायचा म्हणजे बारा तासांत सहा वेळा उचल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंबर जाते. इथे ब्रदर, म्हणजे पुरुष अटेंडंट पाठवा, किंवा पेशंटखाली आडवी घालायची ड्रॉशीट द्या आणि वळवताना घरातला एक माणूस दुसऱ्या बाजूला उभा राहील हे करारातच लिहा. हाताने फिरवायच्या दांड्याचा फाउलर बेड भाड्याने मिळतो. तो घेतला तर डोकं वर करण्याची उचल वाचते.

वजन नसेल तर बाकीची कारणं अशी: भांडी-कपडे-केर हळूहळू गळ्यात पडणं, दुपारी जेवायला अर्धा तास न मिळणं, बसायला खुर्ची नसणं, घरचं शौचालय वापरू न देणं, आणि काही हरवलं की पहिला संशय बाईवर. बाया हे फोनवर सांगत नाहीत, 'मुलाला ताप' सांगतात. म्हणून सुपरवायझरने नवीन घरी तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास स्वतः चक्कर टाकावी. त्या वेळी बाई जेवतेय की भांडी घासतेय हे पाहिलं की बहुतेक उलगडतं.

कामाची हद्द पहिल्याच दिवशी कागदावर द्या. अटेंडंटने पेशंटची आंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, चालवणं, पेशंटचेच कपडे आणि पेशंटचीच खोली पाहायची. इन्सुलिन, इंजेक्शन, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं हे तिचं काम नाही. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे नर्सिंग शिकलेली सिस्टर लागते. सिस्टरचा खाडा अटेंडंट पाठवून भरायचा नाही, घरचे कितीही म्हणाले की 'आजचा दिवस चालेल' तरी.

तीच बाई

इथे दोन गोष्टी हमखास सापडतात.

एक, पाणी. चाळीत नळाला पाणी ठरलेल्या वेळी तास-दीड तास येतं. ते सकाळी साडेसहाला येत असेल आणि घरात भरायला दुसरं कोणी नसेल, तर त्या बाईला कासारवडवलीची आठची ड्युटी देणं म्हणजे आठवड्यातून एक खाडा मागून घेणं. भरती करताना आधार आणि फोटो घेतोच, त्याच फॉर्मवर तीन प्रश्न वाढवा: पाणी किती वाजता येतं, लहान मूल शाळेत कोण सोडतं, घरात आजारी माणूस आहे का. उत्तरं पाहून तिला सातची, आठची, नऊची की नाईटची ड्युटी द्यायची ते ठरवा. सगळ्या घरांना आठच हवे असतात हाही समजच आहे. विचारलं तर बरीच घरं नऊला किंवा सातला तयार होतात.

दोन, उचल, म्हणजे पगाराआधी घेतलेले पैसे. पगार १० तारखेला आणि मधल्या काळात मागेल तशी उचल, ही पद्धत जिथे आहे तिथे ११ ते १३ तारखेच्या खाड्यांवर नजर टाका. उचल तीन हजारांवर गेली की बाईला कामावर येण्यात फायदा दिसत नाही, कारण पुढचे चार-पाच दिवस ती जुनं फेडण्यासाठीच राबणार असते. मग ती फोन बंद करून दुसऱ्या ब्यूरोत नाव लावते. पगार आठवड्याला करा, शनिवारी हिशेब आणि सोमवारी यूपीआयने खात्यात. सोमवारीच का, तर रविवार-सोमवारचे खाडे त्याने कमी होतात. उचल तोवर कमावलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंतच.

माणसं दहा किंवा जास्त असतील तर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी लागते. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये, बाईचा वाटा ०.७५ टक्के आणि ब्यूरोचा ३.२५ टक्के. अनेकजणी कपातीला नाक मुरडतात. पण मुलाला ताप आला की वागळे इस्टेट किंवा वाशीच्या ईएसआय हॉस्पिटलात त्याच कार्डावर मुलालाही दाखवता येतं, हे समजावून सांगा आणि कार्ड हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. नंबर काढून कार्ड न देणारे ब्यूरोच जास्त.

प्रवास

नकाशावर जवळ दिसणारं घर लोकलने लांब असतं, हे ड्युटी लावणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. साधा नियम ठेवा: एक गाडी, फार तर एकदा बदल, आणि शेवटी एकच रिक्षा किंवा बस. यापेक्षा जास्त टप्पे आले की पावसाळ्यात ती जोडी तुटणार.

ट्रान्स-हार्बर लोकलचा फाटा लक्षात ठेवा. ठाण्याहून निघालेल्या गाड्या तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. तिथून काही सानपाड्यावरून वाशीला जातात आणि काही जुईनगर-नेरूळमार्गे पनवेलकडे. ठाणे ते तुर्भे दरम्यानच्या बाईला कुठलीही गाडी चालते, पण नेरूळच्या घरी जाणारीला वाशीची गाडी चालत नाही आणि पुढचीची वाट पाहावी लागते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या घरांना ठाणे-कळव्याच्या बाया सहज जमतात. बेलापूर-खारघरला मात्र नेरूळ-जुईनगर बाजूच्याच शोधा. खारघरच्या आतल्या सेक्टरांसाठी बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे. पेठपाडा, सेंट्रल पार्क या स्टेशनांजवळच्या घरांना स्टेशनबाहेरच्या रिक्षाची रांग टळते.

घोडबंदर रोडचं गणित वेगळं. तिथे रेल्वे नाही, आणि ठाणे स्टेशनवरून माजिवडा-कापूरबावडी ओलांडून जायला सकाळी किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या घरांसाठी त्याच पट्ट्यात किंवा लोकमान्यनगर-सावरकरनगर बाजूला राहणारीच बाई लावा. दिव्याहून घोडबंदर ही जोडी कागदावरच छान दिसते.

रविवारी गाड्या तशाही कमी, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक साधारण ११ ते ४ मध्ये असतो. सकाळी आठच्या बाईला त्याचा त्रास नाही, पण दुपारी दोनला जाणारी अर्ध्या दिवसाची बदली हमखास अडकते. रविवारची अर्धी बदली दुपारी लावूच नका. सकाळची लावा, म्हणजे ती ब्लॉकच्या आधी पोहोचते.

माणसं किती लागतात

इथे बहुतेक ब्यूरोंचा हिशेबच चुकलेला असतो. तीस जागा आहेत म्हणून तीस-बत्तीस जणी ठेवतात आणि मग खाड्याला दोष देतात.

बारा तासांच्या ३० जागा म्हणजे आठवड्याला २१० ड्युट्या. एक बाई आठवड्याला सहाच करणार, म्हणजे ३० जणींच्या १८०. उरलेल्या ३० ड्युट्या निव्वळ साप्ताहिक सुट्टीच्या आहेत आणि त्याला पाच जणी लागतात. झाल्या ३५. आता प्रत्येकीचे महिन्याला दोन खाडे धरा. ७० खाडे, म्हणजे आठवड्याला सोळा, म्हणजे आणखी तिघी. ३८. हा सरासरीचा आकडा आहे. एका सकाळी तिघी एकदम गळाल्या तर हातात काही उरत नाही. म्हणून रोज सकाळी दोघी स्टँडबाय, एकूण ४०.

स्टँडबायला फुकट बसवू नका. समजा दिवसाचा दर ७०० रुपये आहे. बोलावलं नाही तर निम्मे, ३५०. बोलावलं तर पूर्ण आणि वर रिक्षाभाडं. दोघींना महिनाभर एकदाही बोलावलं नाही असं धरलं तरी खर्च २१,०००. महिन्याच्या ९०० ड्युट्यांवर तो वाटला तर ड्युटीमागे २३ रुपये आणि वर काही पैसे. बिलात २५ रुपये वाढवले की भागतं. एखादं घर गमावलं तर याहून जास्त जातं.

स्टँडबाय ऑफिसात बसवण्यात अर्थ नाही. एक ठाणे स्टेशनजवळ राहणारी आणि एक कोपरखैरणे-तुर्भे भागातली ठेवा, साडेसहाला तयार होऊन घरीच. ठाण्याची घोडबंदर, कळवा, ऐरोली सांभाळते. तुर्भ्याची वाशी आणि नेरूळ दोन्ही फाट्यांवर जाऊ शकते.

प्रत्येक घराला दुसरी ओळखीची बाई

या सगळ्यात एकच गोष्ट करायला जमणार असेल तर ही करा. नवीन घर लागल्यावर पहिल्या आठवड्यातच दुसरी बाई त्या घरी दोन तास पाठवा, पहिली असतानाच, आणि त्या दोन तासांचे पैसे तिला द्या. आंघोळीची आणि भरवायची वेळ पकडून जावं, म्हणजे सकाळी नऊ ते अकरा. पेशंटची भाषा, हट्ट, कुठल्या बाजूला दुखतं, बाथरूममध्ये धरायला काय आहे, औषधाचा डबा कुठे, सगळं तिला दिसतं आणि घरच्यांना तिचा चेहरा दिसतो. यादीत त्या घरासमोर दोन नावं लिहा. पहिलीची साप्ताहिक सुट्टी कायम दुसरीच भरणार, त्यामुळे तिची ओळख टिकून राहते. अशी सुट्ट्या भरणारी एक बाई सहा घरं फिरते, सोमवारी एक, मंगळवारी दुसरं. सहाही घरांची माहिती तिच्या डोक्यात असते. अशा पाच जणी म्हणजे तुमची तीस घरं झाली. वरच्या हिशेबातल्या पाच जणी त्या याच.

या बाया सगळ्यात तयार असायला हव्यात, आणि त्यांना ड्युटीमागे पन्नास रुपये जास्त दिले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी उलटं असतं, काल लागलेली नवखी बाई बदलीवर पाठवतात.

रात्री नऊ ते सकाळी आठ

रात्री ९ वाजता उद्याच्या प्रत्येक बाईला एक व्हॉइस नोट: 'उद्या सकाळी आठ, अमुक घर, येणार ना?' टाइप करायला लावू नका. अंगठा आला की झालं. ९:४५ पर्यंत ज्यांचा अंगठा नाही त्यांना फोन. तरी उत्तर नाही तर ती जागा रिकामी धरा आणि त्या घरच्या दुसऱ्या बाईला रात्रीच विचारून ठेवा. सकाळी पहिली आली तर दुसरीला स्टँडबायचे पैसे.

सकाळी घरातून पाऊल बाहेर टाकलं की मिस्ड कॉल, ऑफिसच्या एकाच ठरलेल्या नंबरवर. प्रत्येकीची निघायची वेळ आधीच काढलेली हवी: दिव्याहून वाशी असेल तर सव्वासहा, कळव्याहून ऐरोली असेल तर सात. त्या वेळेनंतर पंधरा मिनिटं मिस्ड कॉल नाही की लगेच फोन, आणि फोन लागला नाही की स्टँडबाय निघाली. 'पाहू या जरा' म्हणत पावणेआठ वाजवले की सगळं व्यर्थ. सकाळच्या साडेपाच ते साडेआठ या पाळीला वेगळा माणूस लागतो. मालकाने स्वतः चहा घेता घेता हे करायचं काम नव्हे.

बदली दारात अडकते

बाई वेळेवर पोहोचते आणि सोसायटीच्या गेटवर वीस मिनिटं उभी राहते. मायगेट किंवा तसंच ॲप असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या, दोघींचीही नोंद 'डेली हेल्प' म्हणून घरच्यांकडून पहिल्याच आठवड्यात करून घ्या. पोलीस पडताळणीची प्रत आणि आधार दोघींचंही सोसायटी ऑफिसला द्या. स्टँडबायच्या मोबाइलमध्येही ही कागदपत्रं हवीत.

पलंगाच्या उशाशी एक पान चिकटवलेलं असावं. मराठीत, मोठ्या अक्षरात, रोजची बाई आलीच नाही तर पुरेल इतकं:

'आजोबा, ८१. उजवी बाजू लुळी. डावीकडून उचला. साखर आहे. नळीने फीड: ९, १२, ३, ६ वाजता, प्रत्येक वेळी २०० मिली, सिस्टरने सांगितलेलंच. फीडच्या वेळी आणि नंतर अर्धा तास पाठ वर, सपाट झोपवायचं नाही. कूस दर दोन तासांनी, खाली तक्त्यात सही. लघवीची पिशवी दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी, आकडा लिहा. नळी निघाली, खोकताना निळे पडले, ताप आला तर: मुलीला फोन, मग ऑफिसला. नळी स्वतः घालू नका.'

आकडे अर्थातच त्या पेशंटच्या डॉक्टरांनी दिलेले. पान लॅमिनेट करू नका, कारण दर पंधरा दिवसांनी काहीतरी बदलतं आणि लॅमिनेट केलेलं पान कोणी बदलत नाही.

नाईटवाली बाई आणि घरचे

नाईटवालीने बदली येईपर्यंत थांबायचं हा नियम बरोबर, पण तो फुकटात चालत नाही. आठनंतरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, आणि कमाल दोन तास. त्यापुढे सुपरवायझरने स्वतः जायचं. रात्रभर जागलेल्या बाईकडून सकाळी दहाला पेशंट उचलून घेणं म्हणजे पडायला निमंत्रण. दोन्ही ड्युट्या एकीनेच करण्याची विनंती घरचे करतात, बाईही पैशासाठी हो म्हणते. ब्यूरोने नाही म्हणायचं.

घरच्यांना '५ मिनिटांत येतेय' हे वाक्य कधीही सांगू नका. फोन आपणच आधी करायचा, ७:३० च्या आत, आणि चार गोष्टी सांगायच्या: आज कोण येणार (तुमच्याकडे आधी आलेलीच), आता ती कुठे आहे, किती वाजता पोहोचेल, तोवर काय करायचं. 'नऊचं फीड तिच्या हातून होईल, तुम्ही फक्त साडेआठला कूस बदला' इतकं नेमकं. उशिराचे तास बिलातून न मागता वजा करा.

आलीच नाही, कारण परस्पर ठरलं

कधी कधी खाडा हा खाडा नसतोच. बाई त्याच घरी असते, फक्त तुमच्यामार्फत नाही. घर महिन्याला २७,००० देतं आणि बाईच्या हातात १६,००० पडतात हे दोघांनाही कळलं की ही तडजोड होणारच. करारात सरळ लिहून ठेवा: बाई परस्पर ठेवायची असेल तर एक महिन्याचं बिल एकरकमी, त्यानंतर बदलीची जबाबदारी ब्यूरोची नाही. बरीच घरं दुसरं कलम वाचूनच थांबतात. तरी गळती चालूच असेल तर तुमचा हिस्सा जास्त आहे, तेवढंच.

ठरलेल्या गर्दीच्या सुट्ट्या

गणपती, शिमगा, मे महिन्यातली लग्नं, भाऊबीज, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. या तारखा कॅलेंडरवर असतात, तरी दरवर्षी ऐन वेळी धावपळ होते. कोकणातल्या बायांचा गणपतीचा बेत तिकिटाबरोबर ठरतो, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच आठवड्यात विचारा, 'तिकीट काढलं का, कुठल्या तारखेचं?' त्या दहा दिवसांसाठी विदर्भ-मराठवाड्याकडच्या बायांना आधीच बांधून घ्या, ड्युटीमागे शंभर-दीडशे जास्त देऊन. त्या बदल्यात त्यांना दिवाळीची किंवा ६ डिसेंबरची सुट्टी पक्की लिहून द्या. घरांनाही त्याच सुमारास कळवा की अमुक तारखांना दुसरी बाई येईल आणि दर इतका जास्त असेल. आधी सांगितलं तर फारसं कोणी कुरकुरत नाही.